मुलीला लावायला भीती, स्वतःला बिनधास्त: स्टिरॉइडचं मलम नेमकं वापरायचं कसं

गोकुळ शिरगावला फाउंड्रीत काम करणाऱ्या एका दादांनी विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. पाच वर्षांच्या मुलीला कोपराच्या आत आणि गुडघ्याच्या मागं इसब आहे, डॉक्टरांनी मोमेटासोनचं मलम रोज एकदा लावायला दिलं, पण मेडिकलवाला म्हणाला "स्टिरॉइड आहे, जपून", आणि घरात आई म्हणते चामडी पातळ होते, लावू नको. म्हणून ते तीन दिवसांतून एकदा, अगदी बोटाला लागेल न लागेल एवढं लावतात. पंधरा ग्रॅमची ट्यूब तीन महिन्यात निम्मी पण संपली नाही आणि पोरगी रात्रभर खाजवतीय. शेवटी जाता जाता एक ओळ आहे, "मला पण जांघेत खाज आहे, मेडिकलमधनं एक क्रीम आणलंय, चार महिने लावतोय, लावलं की लगेच बरं वाटतंय, सोडलं की पुन्हा येतंय, ते चालू ठेवलं तर चालेल ना?"

दादा, खरं सांगू का, तुमची ती शेवटची ओळ वाचून मला जास्त काळजी वाटली. तुम्ही क्रीमवरच्या घटकांची नावं टाइप केलीत ते फार बरं केलंत. त्यात क्लोबेटासोल आहे. मुलीच्या मोमेटासोनपेक्षा ते कितीतरी कडक स्टिरॉइड आहे. म्हणजे तुमच्या घरात जिथं मलम लावायला पाहिजे तिथं सगळे घाबरतायत आणि जिथं लावायलाच नको तिथं चार महिने रोज दोन वेळा चाललंय. हसू नका, माझ्या ओपीडीत आठवड्याला अशी दोन-तीन घरं येतात. इथं कोल्हापुरात वीस वर्षं कातडीचेच पेशंट बघतोय, त्यामुळं मला यात तुमची चूक दिसत नाही, तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही एवढंच दिसतंय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मी मुलीला बघितलेलं नाही, तुम्हाला पण नाही, त्यामुळं खाली लिहितोय ते विचार कसा करायचा यासाठी आहे, चिठ्ठी म्हणून नाही.

आधी हे मलम करतंय काय ते बघू. स्टिरॉइड त्या जागेवरची सूज उतरवतं, म्हणजे शरीराच्या राखणदाराला जरा गप्प बसवतं. इसबात काय होतं, दारात कुणी नसताना कुत्रं रात्रभर भुंकतंय, त्याला गप्प बसवलं की सगळ्यांना झोप लागते. पण नायट्यात, आपल्याकडं गजकर्ण म्हणतात त्यात, खरंच चोर शिरलेला असतो, बुरशी असते. तिथं कुत्र्याला गप्प केलं की आवाज बंद होतो, तुम्हाला वाटतं बरं झालं, आणि चोर आत निवांत बसून जेवतो. तुमच्या "लगेच बरं वाटतंय, सोडलं की पुन्हा येतंय" या वाक्याचा अर्थ बहुतेक हाच आहे.

आता मुलीचं. किती लावायचं हे कुणी सांगत नाही, चिठ्ठीवर फक्त "लावणे" लिहिलेलं असतं. याचं एक सोपं माप आहे, १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ते मांडलं आणि आता जगभर तेच वापरतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, म्हणजे बोटाच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, ट्यूबमधनं मलमाची एक सलग रेघ काढायची. हे पेरभर मलम साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या, बोटं धरून, जागेला पुरतं. लक्षात घ्या, बोट पण तुमचं आणि तळहात पण तुमचाच, मुलीचा नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरनं तिचे चार चट्टे आहेत, प्रत्येक तुमच्या अर्ध्या तळहाताएवढा धरला तर सगळे मिळून दोन तळहात, म्हणजे दिवसाला एक पेर, अर्धा ग्रॅम. आता तुमचा हिशोब लावा. तीन महिन्यात तीस वेळा लावलंत आणि सात ग्रॅमच्या आसपास संपलं, म्हणजे एका वेळेला पाव ग्रॅमच्याही आत, तेही तिसऱ्या दिवशी. जेवढं पोचायला पाहिजे त्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास पोचतंय. एवढ्यानं इसब शांत होत नाही, नुसतं धुमसत राहतंय, आणि तीन महिने स्टिरॉइड लावल्याची भीती मात्र पूर्ण वाट्याला आली. नीट लावलं असतं तर कदाचित दहा-बारा दिवसांत काम झालं असतं.

माझी पद्धत अशी आहे की सुरुवातीला पूर्ण मात्रेत, रोज एकदाच, सात ते चौदा दिवस लावायचं आणि मग थांबायचं. दोनदा लावून फार फरक पडत नाही, बऱ्याच मलमांना दिवसातनं एकदा पुरतं. लवकर थांबायचं की पूर्ण दोन आठवडे हे डोळ्यानं ठरवू नका, बोटानं ठरवा. डोळे मिटून चट्ट्यावरनं बोट फिरवायचं, जागा बाजूच्या कातडीसारखी मऊ आणि सपाट लागली आणि खाज गेली की काम झालं. खरखर, जाडपणा लागतोय तोवर चालू. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्या सावळ्या कातडीवर इसब गेल्यावर काळपट किंवा पांढुरका डाग मागं राहतो, तो जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, आणि आईबाप तो डाग घालवायला मलम लावत बसतात. डाग ही इसब येऊन गेल्याची खूण आहे, त्याला स्टिरॉइडचा काही उपयोग नाही.

ज्या पोरांना थांबवलं की आठ दिवसांत परत उठतंय त्यांना आम्ही बरं झाल्यावरसुद्धा नेहमीच्या जागांवर आठवड्यातनं दोन दिवस, समजा शनिवार-रविवार, मलम चालू ठेवायला सांगतो, काही आठवडे ते काही महिने. ऐकायला उलटं वाटतंय पण एकूण वर्षाचा हिशोब केला तर उठल्यावर पळापळ करण्यापेक्षा यात मलम कमी लागतं. हे मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारून करायचं. काहींना त्या जागी टॅक्रोलिमस देतो, ते स्टिरॉइड नाही, दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना ०.०३ टक्क्यांचं चालतं, पहिले काही दिवस जरा चुरचुरतं, मुलं रडतात, तेवढं आधी माहीत असलेलं बरं.

आणि मॉइश्चरायझर. लोक मला महागडं मलम लिहून द्या म्हणतात आणि ही ट्यूब घ्यायची कंटाळतात, खरं तर निम्मी लढाई तिथंच आहे. अंगभर कोरडं असेल तर लहान मुलाला सुद्धा आठवड्याला पाव किलोच्या आसपास लागू शकतं. आकडा ऐकून पालक माझ्याकडं बघतच राहतात. परवडत नसेल तर साधी पांढरी पेट्रोलियम जेली घ्या, वास नसलेली, रंग नसलेली, काही बिघडत नाही. आंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटांत, कडक साबण आणि घासणी नको, टॉवेलनं टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच लावायचं. स्टिरॉइड आणि मॉइश्चरायझर यात पंधरा-वीस मिनिटं अंतर ठेवा, आधी कुठलं नंतर कुठलं यावर भांडायची गरज नाही, फक्त एकात एक कालवू नका. जाता जाता, वांगं, आंबट, अंडं, शेंगदाणे सगळं बंद केलंय असं तुम्ही लिहिलंय. अमुक खाल्लं की लगेच अंगावर उठतंय असं स्वतःच्या डोळ्यानं बघितलं नसेल तर ते चालू करा, पाच वर्षांच्या पोरीला उपाशी ठेवून इसब जात नाही.

तुमच्या आईंची भीती मी उडवून लावणार नाही, कारण त्या म्हणतात तसं होतं, मी स्वतः केलंय. प्रॅक्टिस नवीन होती तेव्हा गडहिंग्लजकडच्या एका आजींना हाताच्या इसबासाठी कडक मलम दिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, खाज असेल तेव्हा लावणे. आजी दीड वर्षानं परत आल्या. दर महिन्याला गावातल्या मेडिकलमधनं तीच चिठ्ठी दाखवून ट्यूब घेत होत्या, मनगटाच्या वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, शीर न् शीर दिसत होती, बांगडी घासली तरी काळं-निळं होत होतं. आजींनी माझं शब्दशः ऐकलं होतं, खाज रोजच होती म्हणून रोज लावलं. चूक माझीच, मी कधी थांबायचं ते लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी पेनानं ट्यूबच्या खोक्यावरच बंद करायची तारीख लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी लिहिली नसेल तर त्यांना विचारा, यात त्यांना राग येण्यासारखं काही नाही.

चामडी पातळ होणं कशावर ठरतं तर किती कडक, कुठं आणि किती दिवस या तिन्हींवर. कडकपणाचा मोठा गोंधळ टक्क्यांमुळं होतो. लोकांना वाटतं हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का म्हणजे स्ट्राँग आणि क्लोबेटासोल ०.०५ टक्के म्हणजे किरकोळ. बरोब्बर उलटं आहे, आकडा वीस पट लहान असूनही क्लोबेटासोल शेकडो पटीनं कडक आहे. टक्के फक्त त्याच औषधाच्या दोन ट्यूबांची तुलना करायला, वेगवेगळ्या औषधांची नाही. ढोबळ मानानं हायड्रोकॉर्टिसोन, डेसोनाइड सौम्य, फ्लुटिकासोन आणि मोमेटासोनचं क्रीम मधल्या गटात, बीटामेथासोनची बरीच त्याच्यावर, आणि क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल सगळ्यात वर. या वरच्या गटाला सलग दोन आठवडे आणि आठवड्याला ५० ग्रॅम ही मोठ्या माणसासाठीची हद्द धरतात.

जागेचं तर विचारू नका. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या दोघांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीरात कुठल्या जागेवरनं किती शोषलं जातं ते मोजलं होतं. हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, १ धरलं तर तळपायाला ०.१४, कपाळाला ६, जबड्याच्या कातडीला १३, आणि वृषणाच्या पिशवीला ४२. बेचाळीस! म्हणून तळपायाच्या जाड इसबाला मी कडक मलम बिनघोर देतो, आणि तेच चेहऱ्यावर, पापणीवर, जांघेत लावलेलं बघितलं की माझं डोकं फिरतं. पापण्यांवर महिनोन्महिने लावलं तर काचबिंदू, मोतीबिंदूपर्यंत जाऊ शकतं. वर प्लास्टिक, घट्ट पट्टी, डायपर असं काही असेल तर शोषण अजून वाढतं. मुलीच्या कोपरात नि गुडघ्यामागं कातडी दुमडते, म्हणून तिथं मोमेटासोन ठीक आहे पण मुदतीनं, आणि तेच मलम उद्या गालावर चट्टा आला म्हणून आपल्या मनानं लावू नका. चेहऱ्यासाठी सौम्य वेगळं द्यावं लागतं.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण. लग्नसराईच्या आधी महिना-दोन महिने मुली येतात, चेहरा लाल, मुरूम, बारीक केस वाढलेले, उन्हात गेलं की भाजल्यासारखं होतंय. पर्समधनं ट्यूब निघते, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, मैत्रिणीनं सांगितलं गोरं होतं. चेहऱ्यावरच्या काळपट डागांसाठी, म्हणजे वांगासाठी, थोडे आठवडे द्यायचं औषध, पण वर्षभर नाइट क्रीम म्हणून लावलेलं असतं. सोडलं की चेहरा पेटतो, म्हणून परत लावतात, आणि त्यातनं बाहेर काढायला मला सहा-सहा महिने लागतात.

आता तुमची जांघ. तुम्ही भट्टीजवळ उभं राहून काम करता, घाम, वर जीन्स, त्यात आपल्याकडचा पावसाळा, कपडे वाळत नाहीत. बुरशीला याहून काय पाहिजे. तालमीतली पोरं पण याच तक्रारी घेऊन येतात, एकाला झालं की मॅटवरनं सगळ्यांना. मेडिकलमध्ये अशा खाजेला जे क्रीम मिळतं त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध, एक-दोन अँटिबायोटिक सगळं एकात घातलेलं असतं. दोन दिवसांत खाज गायब, म्हणून खपतं. पण स्टिरॉइडमुळं बुरशीला मोकळं रान मिळतं, नायट्याची ती गोल कडा पुसट होते, चट्टा पसरतो, मांडीवर, कमरेवर, ढुंगणावर जातो, आणि मग आम्हाला पण बघून पटकन ओळखता येत नाही. खरं म्हणजे २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातलीत, पण प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्ही स्वतःच बघितलंय. गेल्या आठ-दहा वर्षांत देशभर जो चिवट नायटा पसरलाय, त्याच्यामागं अशा मिश्र क्रीमचा हात आहे असं आम्ही बहुतेक कातडीचे डॉक्टर मानतो. त्या बुरशीला आता नाव पण आपल्या देशावरनं पडलंय, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही.

म्हणून तुम्ही ते क्रीम बंद करा आणि याच आठवड्यात कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, गेलात तरी चालेल. चट्ट्याची कडा खरवडून, त्यावर केओएच नावाचं रसायन घालून बुरशी आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, दुखत नाही, थोड्या वेळात कळतं. बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज आणि लाली वाढेल, कदाचित आठ-पंधरा दिवस, त्याला घाबरून परत तेच लावायचं नाही, इथंच लोक हरतात. बहुतेक बुरशीची गोळी काही आठवडे घ्यावी लागेल, कुठली आणि किती दिवस हे तुमची बाकीची औषधं, लिव्हर, हे बघून ठरतं, म्हणून मेडिकलमधनं गोळी पण आणू नका. वरनं लावायचं बुरशीचं साधं मलम चट्ट्याच्या दोन बोटं बाहेरपर्यंत लावायचं आणि दिसायचं बंद झालं तरी पुढं दोन आठवडे चालू ठेवायचं. कामावरनं आलं की कपडे बदला, आतले कपडे सुती आणि सैल, धुवून उलटे करून उन्हात, पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. मांडीच्या आतल्या बाजूला गुलाबी-जांभळ्या रेघा, पोटुशी बायकांना पोटावर येतात तशा, आल्यात का बघा. आल्या असतील तर त्या फिक्या होतील पण जाणार नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

कुणी हे वाचून अंगभर महिनोन्महिने कडक मलम लावत असेल तर त्यांनी मात्र एका दिवसात बंद करू नये. एवढं शोषलं गेलेलं असलं की शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावतं, अचानक सोडलं तर चक्कर, उलट्या, गळून जाणं होऊ शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायचं. तुमची जागा छोटी आहे, तुमच्या बाबतीत तेवढी भीती नाही.

आणि तुमची खाज बुरशीची असली तर ती घरात पसरू शकते, म्हणून मुलीला पण तुमच्याबरोबर घेऊन जा. एकाच टॉवेलला अंग पुसत असाल, एका अंथरुणात झोपत असाल तर तिचा एखादा चट्टा इसब नसून नायटा असू शकतो, आणि मग वर मी जे पेरभर लावा म्हणून सांगितलं ते त्या चट्ट्याला लागू नाही. इसब बहुतेक दोन्ही बाजूंना सारखं असतं, कडा पुसट असतात. नायटा एकीकडं जास्त, कडेला उठलेला, मधे साफ. डॉक्टरांनी इसब म्हटलंय ते बरोबरच असेल, पण ते तीन महिन्यांपूर्वीचं, तेव्हा तुमच्या जांघेचं त्यांना माहीत नव्हतं. चट्ट्यावर मधासारखी पिवळी खपली किंवा पू दिसला तर आधी जंतुसंसर्गाचा इलाज. आणि अचानक दुखरे, एकसारखे बारीक फोड आणि ताप आला तर मलम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर टाकू नका.

जाताना दोन्ही ट्यूबा खोक्यासकट न्या, नुसतं "पांढरं क्रीम होतं" सांगून आम्हाला काही कळत नाही. आणि दाखवून आल्यावर तुमची ती ट्यूब कात्रीनं कापून कचऱ्यात टाका. घरात राहिली की पावसाळ्यात शेजारचं कोणतरी मागायला येतंय, आणि आपल्याकडं नाही म्हणायची पद्धत नाही.